मेले ते सगळे नरच

"उष्माघात," रेंजर साहेब म्हणाले आणि सोबतच्या लिपिकानं तो शब्द पंचनाम्यात उतरवून घेतला.

जूनचा दुसरा आठवडा होता. हिमायतनगरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून पळसटेक नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला वनखात्याची रोपवाटिका. तिच्या तारेबाहेर, सावलीला, सात मेलेले मोर ओळीनं मांडून ठेवले होते. निळ्या माना अजून चमकत होत्या आणि त्यांच्यावर माश्या बसत होत्या. सातांपैकी तिघांना पिसाराच नव्हता. मागं नुसती उघडी, रक्ताळलेली कातडी.

कावेरीबाई हातातली झारी तशीच धरून उभी होती. सकाळी रोपांना पाणी घालायला आली तेव्हा तिलाच ते पहिल्यांदा दिसले होते. बावीस वर्षं ती या रोपवाटिकेत रोजंदारीवर होती. पिशव्यांत माती भरणं, बी टोचणं, पाणी घालणं. साहेब लोक आले की बाजूला सरकून उभं राहणं हेही कामातच धरलेलं. पण आज ती सरकली नाही.

"सायेब, ऊन काय फक्त नरालाच लागतंय व्हय?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. "काय म्हणतेस?"

"सात मेले. सातीच्या साती मोर. लांडोर एक बी न्हाई. तिला ऊन लागत न्हाई का?"

लिपिक हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी उत्तरही दिलं नाही. "यांना पुरून टाका," एवढं मुकादमाला सांगून ते जीपकडं वळले.

कावेरीबाईच्या डोक्यात सणक गेली. माणूस एखाद्या गोष्टीला उत्तर देत नाही, ते उत्तर नसतं म्हणून नाही, तर विचारणारा त्याला माणसात मोजावासा वाटत नाही म्हणून. हे तिला बावीस वर्षांत पाठ झालं होतं. आजवर तिनं ते गिळलं होतं, कारण गोष्ट तिची स्वतःची असायची. आजची गोष्ट मोरांची होती.

*

कावेरीबाई मूळची रेणापूरकडची. तिकडं रान म्हणायचं ते शेताला. इथं लग्न होऊन आली आणि सासूनं "रानात जाऊ नको एकली" म्हटलं, तेव्हा तिला कळेना की शेतात जायला काय भीती. मग कळलं, इथं रान म्हणजे जंगल. सागाचं, पळसाचं, मोहाचं, आणि त्यात चालती-बोलती जितराबं.

शाळा चौथीपर्यंत. पण रोपवाटिकेत दिवसभर खाली मान घालून पिशव्या भरताना कान मोकळे असतात, आणि पाणी प्यायला उठलं की डोळेही. पहिल्या वर्षी तिला ओढ्यावरचा खंड्या दिसला. तो मासा धरायचा, फांदीवर आपटायचा आणि डोक्याकडून गिळायचा. एका दिवशी बघते तर त्यानं मासा उलटा धरलेला, डोकं बाहेर. आता हा असा कसा गिळणार? तो गिळणार नव्हताच. शेजारच्या फांदीवर मादी बसली होती. तिला डोक्याकडून गिळता यावा म्हणून त्यानं मासा फिरवून धरला होता. त्या दिवशी घरी येऊन तिनं नवऱ्याला, देविदासला, हे सांगितलं. देविदास म्हणाला, "बरं." आणि ताट पुढं ओढलं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

तेव्हापासून तिला नादच लागला. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबायची. गाव म्हणायचं, मादी विणते. तिनं बघितलं तर विणणारा पिवळ्या डोक्याचा नर. तो अर्धं घरटं विणून थांबायचा आणि पंख फडफडवून बोलवायचा. मादी यायची, आत शिरून बघायची, पसंत पडलं तर राहायची. नाही पडलं तर निघून जायची, आणि बिचारा पुन्हा दुसरीकडं पहिल्या गाठीपासून सुरू. काळा कोतवाल तर पक्का लबाड. साळुंक्या किडे टिपत असल्या की हा शिक्र्याचा आवाज काढायचा. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांनी टाकलेला किडा घेऊन हा फांदीवर.

आणि मोर. रोपवाटिकेच्या मागं एक सपाट, काळा खडक आहे, गाव त्याला फरशी म्हणतं. चैत्र संपला की मोर तिथं जागा धरतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. कुणी दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकला की झटापट. पहाटेपासून ओरडायचं, पिसारा उभा करून थरथरवायचा, गोल फिरायचं. लांडोरी कळपानं येतात, इकडं तिकडं टिपल्यासारखं करतात, जणू त्यांचं लक्षच नाही. पण एकेकासमोरून जातात आणि बरोबर बघतात. एखाद्यालाच होकार. बाकीचे नाचून नाचून तसेच. हे नाचणं पावसासाठी नसतं, लांडोरीसाठी असतं, हे तिनं गावात दहा जणांना सांगितलं असेल. दहाही जण हसले.

दोन वर्षांपूर्वी बुद्धप्रिया वनरक्षक म्हणून रुजू झाली. नांदेडच्या एका बौद्ध शिक्षकाची मुलगी, प्राणिशास्त्र शिकलेली, परीक्षा देऊन लागलेली. पहिल्याच महिन्यात ती वही घेऊन कावेरीबाईशेजारी मातीत बसली आणि विचारू लागली, "मावशी, कोतवाल हे कोणत्या वेळी करतो?" कावेरीबाईला आधी रागच आला. पदवी घेतलेली पोर आपली टिंगल करतेय असं वाटलं. मग दिसलं की ती खरोखर लिहून घेतेय. तारखेसकट.

*

जीप गेल्यावर कावेरीबाईनं बुद्धप्रियाला हाताला धरून फरशीवर नेलं.

"हे बग."

खडकाच्या भेगांत गुलाबी दाणे होते. ज्वारीचे. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्याचा असा रंग असतो. कावेरीबाईनं रुमालात काही बांधून ठेवले होते, पण बाकीचे मुद्दाम तसेच सोडले होते.

"शेतातून खाऊन आले असतील असं साहेब म्हणतील," बुद्धप्रिया म्हणाली.

"म्हणू दे की! इथं ज्वारी पेरतंय कोण या दिवसांत? सगळं कापूस न् सोयाबीन. आन् शेतात इख असतं तर आधी कोण मेलं असतं? लांडोरी. त्या कळपानं फिरतेत, शेतं, ओढा, सगळं धुंडाळतेत. नर या दिवसांत जागा सोडतच न्हाई. सोडली की दुसरा येऊन बसतो ना. इथंच जे किडूकमिडूक घावंल ते टिपतो आन् नाचतो. लांडोरी येतेत त्या ऊन वर आल्यावर. ज्यानं दाणे टाकले त्यानं पहाटंच टाकले. त्याला सगळं ठाऊक हाय. त्याला मोर मारायचे नव्हते, पोरी. त्याला पिसारे पाहिजे होते. म्या लवकर आले म्हणून चार वाचले. पिसारे वाचले म्हणते, मोर कुठले वाचतेत."

बुद्धप्रियानं फरशीचे फोटो काढले, दाणे पाकिटात भरले. मग मुकादमानं खड्डा खणायला घेतला होता तिथं जाऊन तिनं एक मोर बाजूला काढायला लावला. "हा मी दवाखान्यात नेतेय. माझ्या सहीनं."

"मॅडम, साहेबांनी पुरायला सांगितलंय."

"सहा पुरा."

दुसऱ्या दिवशी कचेरीत दोघींना बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर तो पंचनामा होता. त्यांनी आधी बुद्धप्रियाला झापलं, मग कावेरीबाईकडं वळले.

"दाणे शेतातले आहेत. चोचीत आणले असतील."

"चोचीत कुणासाठी आणंल सायेब? मोर काय चिमणी हाय पिलांला भरवायला? त्याला पिलं कुठं हायेत हे बी ठाऊक नसतंय. अंडी तिची, पिलं तिची."

"आणि पिसारे कुत्र्यांनी ओढले."

"कुत्रं मांस ठिवून पिसं नेतंय?" ती म्हणाली. "असं कुत्रं दावा मला. म्या पाळते."

दारातला शिपाई फिसकन हसला आणि तेच नडलं. त्याच आठवड्यात मुकादम तिच्या घरी आला. ओशाळून उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, उद्यापासून येऊ नका. वरून सांगितलंय. काम कमी हाय म्हणे."

पाऊस तोंडावर आलेला, लागवडीला रोपं न्यायची वेळ, आणि काम कमी! कावेरीबाई उंबऱ्यात उभी राहून त्या कारणाकडंच बघत राहिली. निदान खोटं तरी जरा बरं बोलायचं.

देविदास म्हणाला, "तुला कामून नाही त्या गोष्टीत पडायचं असतंय? मोर मेले, वाईट झालं. आपुन काय त्यांचे सोयरे?"

"तुमचे सोयरे मेले असते न् कुणी ऊन लागलं म्हणून लिहिलं असतं, तर काय केलं असतं?"

"ते येगळं."

"काय येगळं, सांगा की."

देविदास बैलाला पाणी दाखवायला म्हणून उठून गेला. ती मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. साहेबाचा राग होताच. पण साहेब परका. घरच्या माणसानं इतक्या सहज "वाईट झालं" म्हणून विषय झटकावा, हे तिला जास्त लागलं.

*

आठ दिवसांनी देविदासच्या पुतणीचं लग्न होतं. तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. मुदखेडचं वऱ्हाड. कावेरीबाई हिरवी इरकल नेसून गेली. अक्षता पडल्या, जेवणावळ सुरू झाली आणि नवरा-नवरीला फोटोसाठी स्टेजवर बसवलं.

तेव्हा तिचं लक्ष गेलं. नवरा-नवरीच्या खुर्चीमागं, छतापासून खालपर्यंत, मोरपिसांची कमान केली होती. हिरवे-निळे डोळेच डोळे. बायका मान वाकडी करून फोटो काढून घेत होत्या.

ती स्टेजवर चढली. लोकांना वाटलं, काकी आशीर्वाद द्यायला चालली. ती खुर्चीला वळसा घालून मागं गेली आणि कमानीतून एक पीस ओढून काढलं.

आपोआप गळलेल्या पिसाचं बूड तिनं हजारदा पाहिलं होतं. भादव्याच्या आगंमागं, विणीचा काळ सरला की मोर पिसारा टाकतो. फरशीवर, ओढ्यात, रोपवाटिकेत सगळीकडं पिसं पडतात. त्यांचं बूड स्वच्छ असतं, कोरडं, निमुळतं. या पिसाच्या बुडाला काळपट, वाळलेलं रक्त होतं आणि कातडीचा एक पापुद्रा. तिनं दुसरं ओढलं. तसंच. तिसरं. तसंच.

"ए बाई! काय करून राहिली तू?"

मंडप-सजावटीचा मालक, हणमंतराव, पळत आला. पांढरे कपडे, गळ्यात साखळी. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, स्टेज याचंच.

"ही पिसं कुठली?"

"राजस्थानातून मागवलीत. गळलेली. पावती आहे. खाली उतर."

"जूनमधी गळली?" तिचा आवाज चढला. "जूनमधी कुठला मोर पिसारा टाकतो? आत्ता तर त्याला त्याची गरज हाय. हे बग बुडाला रक्त. जिता असतानी न्हाईतर मरता मरता उपटलंय हे!"

बँडवाले थांबले. देविदास खालून "कावेरे, कावेरे" करत होता. नवरीची आई रडायला लागली, लग्नात अपशकुन केला म्हणून. कुणीतरी हाताला धरून ओढलं. कावेरीबाईनं तो हात झटकला.

"अपशकुन म्या केला? तुमच्या पोरीला फोटोत बसायला सात मोरांचं लगीन मोडलंय यानं, आन् अपशकुन म्या केला?"

तिनं कंबरेचा मोबाइल काढून बुद्धप्रियाला फोन लावला. बुद्धप्रिया त्या दिवशी हद्दीवर गस्तीला होती. तिनं रेंजर साहेबांना न विचारता थेट नांदेडच्या वरच्या कचेरीला कळवलं. दोन तासांनी पथक आलं. तेवढा वेळ कावेरीबाई त्या कमानीखाली मांडी घालून बसून राहिली. पाहुणे तिच्याकडं बघत बघत जेवले. हणमंतरावाची माणसं दोनदा कमान उतरवायला आली. दोनदा ती उठून उभी राहिली. पहिल्यांदा एकटीच होती. दुसऱ्यांदा तिच्या बाजूला देविदास येऊन उभा राहिला. पत्रावळीवरून उठलेला उष्टा हात तसाच होता, धुतलाही नव्हता.

*

गोदामात आणखी गठ्ठे निघाले. शिवाय गुलाबी ज्वारीचं अर्धं पोतं. हणमंतरावाला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत जामीनही झाला. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला. बुद्धप्रियानं नेलेल्या मोराच्या गळ्याखालच्या पिशवीतल्या दाण्यांत विष होतं. रेंजर साहेबांची बदली झाली. सोयीच्या ठिकाणी झाली असं सगळे म्हणतात. उष्माघाताच्या पंचनाम्याबद्दल त्यांना कुणी एक प्रश्न विचारल्याचं ऐकिवात नाही. बुद्धप्रियाला मात्र "वरिष्ठांना डावलल्याबद्दल" लेखी खुलासा द्यावा लागला. तिनं तो दिला आणि त्याची एक प्रत कावेरीबाईला वाचून दाखवली.

"तू काय चूक केलीस म्हणून खुलासा?" कावेरीबाईनं विचारलं.

"मावशी, असंच असतं."

"असंच असतं म्हणत म्हणतच तसं राहतंय."

कावेरीबाईला नव्या साहेबांनी कामावर परत घेतलं. तेही गावातल्या अकरा बाया तिच्यासोबत कचेरीच्या पायरीवर दिवसभर बसल्या तेव्हा. हजेरीपटावर तिचं नाव शेवटी, नव्यानं लागलेल्यांच्या खाली लिहिलं गेलं. बावीस वर्षं कुठं गेली, हे तिनं विचारलं. लिपिक म्हणाला, खंड पडला की सेवा नव्यानं मोजतात.

दुसऱ्या वर्षी जूनमध्येच साक्षीचं बोलावणं आलं. न्यायालयाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. हणमंतरावाचा वकील हसतमुख होता.

"शिक्षण किती, मावशी?"

"चौथी."

"मोर पिसं कधी टाकतो हे चौथीच्या पुस्तकात होतं?"

"न्हाई. मोरानं दाखवलं."

कुणीतरी हसलं. वकिलानं पुढ्यातलं सीलबंद पाकीट दाखवलं. "हे पीस पाहून तुम्ही छातीठोक सांगू शकता की हे उपटलेलं आहे?"

"पाकीट उघडा, म्या दाखवते."

न्यायाधीश बाईंनी पाकीट उघडायला लावलं. कावेरीबाईनं पीस हातात न घेता, लांबूनच बोटानं बूड दाखवलं आणि जे मंगल कार्यालयात ओरडून सांगितलं होतं तेच आता सावकाश सांगितलं. नर आधी जागा धरतो. जागा सोडत नाही. मादी बघते. विणीचं सरलं की पिसारा टाकतो. त्याच्या आधी पीस हातात आलं तर त्याच्या अंगातून ओढलेलं असतं.

वकिलानं शेवटी विचारलं, "बरं, हे सगळं खरं धरलं, तरी मावशी, यात तुमचं काय नुकसान झालं? मोर काही तुमचे नव्हते."

त्या सकाळी गाडी धरायच्या आधी कावेरीबाई फरशीकडं जाऊन आली होती.

"आज सकाळी तिथं एकच मोर होता," ती म्हणाली. "दोन वर्सांचा असंल. पिसारा पुरता आलेला न्हाई, एवढासा. तरी उभा करून नाचत होता. नऊ लांडोरी आल्या. त्येच्यापुढून गेल्या, बघितलं, थांबल्या बी. मंग रिकाम्या जागांकडं गेल्या. जिथं आधीचे मोर असायचे ना, तिथं. तिथं उभ्या राहिल्या. लई वेळ. आन् मंग गेल्या निघून. त्यांनी कुणाकडं अर्ज करायचा, वकीलसायेब? तुम्ही घेता का त्यांची केस?"

वकील खाली कागदात बघायला लागला. न्यायाधीश बाईंनी लघुलेखकाला सांगितलं, "त्या जसं म्हणाल्या तसंच घ्या."

तारीख पुढची पडली, श्रावणातली. बाहेर व्हरांड्यात हणमंतराव तिच्याजवळून जाताना म्हणाला, "मावशी, कामून नाहक तरास करून घेता या वयात? पुढच्या तारखेला नाही आलात तरी चालतंय."

कावेरीबाई बाकावर बसून चपलेचा तुटलेला पट्टा टाचणीनं जोडत होती. तिनं मान वर केली.

"येणार," ती म्हणाली. "तू बी ये."